कोणी कोणास खाल्ले? समुद्रातील अन्नजाळे आणि अणूंची साक्ष

भोर आणि वेल्हे हे दोन्ही प्रदेश घाटावरचे. समुद्र येथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आत आहे. परंतु मध्ये सह्याद्रीची भिंत उभी असल्यामुळे आपणांस तो फार दूरचा वाटतो. तरीही समुद्राचे आणि आपले काहीच नाते नाही, असे म्हणता येणार नाही. महाडकडून वरंध घाटाने वर येणारी वाट घ्या, की वेल्ह्याकडून मढे घाटाने खाली उतरणारी पायवाट घ्या. कोकणातून मीठ वर आले ते अशाच वाटांनी, आणि मिठाबरोबर सुकी मासळीही आली. पावसाळ्यात भाजीपाला महागला की सुकट आणि सुके बोंबील यांवर कितीतरी घरांतले जेवण आजही निभावते. आजचा विषय या सुक्या बोंबिलापासून सुरू केला तर तो आपणांस परका वाटणार नाही.

बोंबील आपण खातो. पण बोंबील काय खातो? प्रश्न पोरकट वाटेल. परंतु त्याच्या उत्तरावर किनाऱ्यावरील हजारो कुटुंबांचे पोट अवलंबून आहे. बोंबील पकडतात तो डोल नावाच्या जाळ्याने. भरती-ओहोटीच्या ओढीत हे पिशवीसारखे जाळे रोवून ठेवतात, आणि त्याच्या शेवटच्या टोकाची वीण इतकी बारीक असते की बोंबिलाबरोबर जवळाही येतो, आणि मोठ्या माशांची पिलेही येतात. आता जवळा हेच बोंबिलाचे मुख्य अन्न. म्हणजे आपण एकाच जाळ्याने खाणाराही उचलतो आणि त्याचे ताटही उचलतो. हे किती दिवस चालेल? याचे उत्तर द्यावयाचे तर समुद्रात कोण कोणास खातो आणि किती प्रमाणात खातो, हे आधी ठाऊक पाहिजे. ठोकळ मानाने पाहू गेल्यास, खालच्या पायरीवरील जिवांनी मिळविलेल्या शक्तीचा सुमारे दहावा भागच वरच्या पायरीला पोहोचतो. बाकीची जगण्यात खर्च होते. तेव्हा आपण कोणत्या पायरीवरचा मासा काढतो, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही.

शाळेत आपण अन्नसाखळी शिकतो: गवत, मग नाकतोडा, मग बेडूक, मग साप. समुद्रात गवताच्या जागी डोळ्यांना न दिसणारे वनस्पतिप्लवक असतात. त्यांस खाणारे बारीक प्राणिप्लवक, त्यांवर जगणारा जवळा, जवळ्यावर बोंबील. पण साखळी हा शब्द फसवा आहे. बोंबील इतर कोळंबीही खातो, लहान मासे खातो, आणि वेळ आली तर स्वतःच्या जातीची पिलेही गिळतो. सुरमई तारली आणि बांगडा खाते. तारली वनस्पतिप्लवक आणि प्राणिप्लवक दोन्ही खाते. एक धागा ओढावा तर दहा धागे हलतात. म्हणून शास्त्रज्ञ आता अन्नसाखळीपेक्षा अन्नजाळे हा शब्द पसंत करतात.

हे जाळे उलगडण्याची जुनी रीत म्हणजे माशाचे पोट चिरून आत काय आहे ते पाहणे. ही रीत प्रामाणिक आहे, आणि मत्स्यशास्त्राचा पाया तिनेच घातला. कोचीला मुख्य ठाणे असलेली केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था १९४७ साली स्थापन झाली. तेथील संशोधकांनी कित्येक जातींच्या माशांची पोटे अशी तपासली आहेत. पण तिच्यात अडचणी फार. अनेक माशांची पोटे रिकामीच निघतात. जेली माशासारखा मऊ प्राणी पोटात घटकाभरात विरघळून जातो, तर कोळंबीचे कवच बराच वेळ टिकते. त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते की मासा कोळंबीच खातो. डोल जाळ्यात अडकलेला बोंबील तर शेजारी अडकलेला जवळा जाळ्यातच मटकावतो. ते त्याचे रोजचे जेवण नव्हे, ती आयती पंगत. शिवाय पोट सांगते ते शेवटच्या जेवणाविषयी. वर्षभराचा शिधा त्यावरून कसा कळणार?

यावरचा उपाय निघाला तो मत्स्यशास्त्राबाहेर, अणूंच्या अभ्यासातून.

एकाच मूलद्रव्याचे सर्व अणू वजनाने सारखे नसतात. रासायनिक गुण तेच, आवर्त कोष्टकातील स्थान तेच. पण काही अणू किंचित जड. १९१३ साली फ्रेडरिक सॉडी यांनी अशा अणूंना दिलेल्या नावाचे मराठी रूप म्हणजे समस्थानिक. समस्थानिक म्हटले की कित्येकांच्या डोळ्यांसमोर किरणोत्सर्ग आणि अणुबाँब उभे राहतात. तसे भय येथे नाही. कार्बन-१४ किरणोत्सर्गी आहे खरा, पण आपणांस आज हवे आहेत ते स्थिर समस्थानिक, जे कधीच फुटत नाहीत: कार्बन-१२ आणि कार्बन-१३, नायट्रोजन-१४ आणि नायट्रोजन-१५. निसर्गातील कार्बनच्या शंभर अणूंत जड अणू जेमतेम एक. नायट्रोजनच्या हजार अणूंत जड अणू चारही भरत नाहीत. आपल्या प्रत्येकाच्या शरीरात हे जड अणू जन्मापासून आहेत, आणि त्यांनी कोणाचे काही बिघडविलेले नाही.

मग त्यांचा उपयोग काय? वरंध घाट चढणाऱ्या दोन सारख्या बैलगाड्या कल्पनेने पाहा. बैल तेच, चाके तीच. पण एका गाडीत एक पोते जास्त. दोन्ही गाड्या माथ्यावर पोहोचतील, पण जड गाडी मागे पडेल. रासायनिक क्रियांतही असेच घडते. हलका अणू थोडा लवकर सुटतो, थोडा लवकर जोडला जातो. फरक इतका सूक्ष्म की तो शेकड्यात नव्हे तर दर हजारी मोजावा लागतो. एक ठरावीक प्रमाण धरायचे आणि त्याहून नमुना दर हजारी किती जड किंवा किती हलका ते सांगायचे. नायट्रोजनसाठी हवेतील नायट्रोजन हे प्रमाण, म्हणजे शून्य. कार्बनसाठी अमेरिकेतील साउथ कॅरोलिनामधल्या पी डी नावाच्या खडकांतील एका जीवाश्माचा कार्बन प्रमाण म्हणून धरला गेला. तो जीवाश्म कार्बनने बराच जड असल्यामुळे बहुतेक सजीवांचा आकडा उणे येतो. उणे चिन्ह पाहून काही कमी पडले असे समजू नये. ती केवळ मोजण्याची रीत आहे.

समुद्रात उतरण्यापूर्वी आपल्या शेतातच याची परीक्षा पाहू. भोर-वेल्ह्याच्या पश्चिमेकडील पावसाळी भागात खाचरांत भात होतो आणि डोंगरउतारावर नाचणी आणि वरई होते. दोन्ही पिके त्याच हवेतून कार्बन घेतात, पण घेण्याची रीत निराळी. भात हवेतील कार्बन डायऑक्साइड पकडताना हलक्या अणूला पुष्कळ झुकते माप देतो. त्यामुळे त्याच्या दाण्यातील कार्बन उणे सत्तावीसच्या आसपास येतो. नाचणी, ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांची यंत्रणा वेगळी. ती पहिल्यांदा उसाच्या पानांत उमगली, १९६० नंतरच्या दशकात, हवाई बेटांत आणि ऑस्ट्रेलियात. या पिकांत हलक्या अणूला तितके झुकते माप मिळत नाही. त्यांचा आकडा उणे बारा-तेराच्या जवळ येतो. म्हणजे भाताचा दाणा आणि नाचणीचा दाणा यांचे पीठ करून आपणांस दिले, तरी प्रयोगशाळा ते चव न घेता ओळखील. मधात उसाची साखर मिसळली असेल तर ती पकडण्याचीही हीच युक्ती आहे. मधमाशी सहसा जंगली फुलांवर जाते, आणि झाडाझुडपांचा कार्बन भातासारखा हलका, उसाचा जड. महाबळेश्वरच्या जांभळाचा मध आणि उसाचा पाक एका बाटलीत घातला, तर जीभ फसेल, आकडा फसणार नाही.

आता मुख्य मुद्दा. अन्नातील हा आकडा खाणाऱ्याच्या शरीरात उतरतो. १९७८ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया तंत्रशिक्षण संस्थेत डिनिरो आणि एप्स्टाइन या दोघांनी प्राणी ठरावीक अन्नावर वाढविले आणि मग प्राण्यांचा व अन्नाचा कार्बन ताडून पाहिला. प्राणी अन्नापेक्षा सरासरीने दर हजारी एकाहूनही कमी जड निघाले. म्हणजे कार्बन हा अन्नाचा मूळ गाव सांगतो. १९८१ साली त्यांनीच नायट्रोजन तपासला, तेव्हा निराळी गोष्ट दिसली: प्राण्याचा नायट्रोजन अन्नाहून ठळकपणे जड होता. कारण असे की प्राणी जेव्हा मूत्रावाटे किंवा मासा कल्ल्यांवाटे नको असलेला नायट्रोजन बाहेर टाकतो, तेव्हा हलका अणू आधी निसटतो. जड अणू मांसात मागे राहतो. त्या प्राण्यास दुसऱ्याने खाल्ले की त्याच्या मांसात आणखी जड अणू साठतात. १९८४ साली जपानच्या मिनागावा आणि वाडा यांनी समुद्रातील आणि सरोवरातील प्राणी मोजून प्रत्येक पायरीस सरासरी दर हजारी ३.४ ही वाढ दाखविली. ही सरासरी आहे, हे विसरू नये. त्यांनाही ती १.३ पासून ५.३ पर्यंत बदलताना आढळली. पण अनेक जीव एकत्र घेतले तर ती बऱ्यापैकी टिकते, म्हणून जगभर हाच आकडा वापरात आला.

थोडक्यात, कार्बन गाव सांगतो आणि नायट्रोजन पायरी सांगतो.

प्रयोग कसा होतो तेही थोडे सांगतो, कारण त्यात जादू काही नाही. माशाच्या पाठीच्या मांसाचा तुकडा घेतात, वाळवितात, त्यातील चरबी काढून टाकतात. चरबीचा कार्बन हलका असल्याने ती हिशेब बिघडविते. जवळ्यासारख्या कवचाच्या प्राण्यास सौम्य आम्लाने धुतात, कारण कवचातील चुन्याचा कार्बन अन्नाचा नव्हे. मग खलात पूड करून, एक मिलिग्रॅमच्या आसपास पूड कथलाच्या इवल्याशा पुडीत बांधतात आणि हजार अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टीत टाकतात. नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू निघतात. त्यांस विद्युत्‌भार देऊन चुंबकामधून सोडले की हलके अणू जास्त वळतात, जड कमी; आणि दोहोंची मोजदाद वेगळी होते. या यंत्राला मास स्पेक्ट्रोमीटर म्हणतात. पाण्यातील ऑक्सिजनचेही असेच समस्थानिक असतात, आणि पुण्यात पाषाणला असलेल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत पावसाच्या पाण्यावर अशी मोजणी होते. मासा वाळविल्याने आकड्यात फारसा फरक पडत नाही. तेव्हा बाजारातला सुका बोंबीलही साक्ष द्यायला पात्र आहे.

शरीराचा कोणता भाग तपासावा, यालाही महत्त्व आहे. यकृतातील द्रव्य काही आठवड्यांत बदलते, मांसाला महिने लागतात, हाडाला वर्षे. केस आणि नखे तर रोजनिशीसारखी असतात. डोक्याचा केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो आणि एकदा वाढला की बदलत नाही. बारा सेंटिमीटर लांब केसावर वर्षभराचा आहार क्रमाने लिहिलेला असतो. उत्तर ध्रुवाकडील बोहेड देवमाशाच्या तोंडातील झालरीसारख्या पट्ट्या अशाच वाढतात. १९८९ साली अमेरिकन संशोधकांनी त्यांतील कार्बन मोजला, तेव्हा दरसालच्या चढउताराच्या लाटा एकामागून एक दिसल्या. तो देवमासा दरवर्षी एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात चरायला जात होता, त्या प्रवासाची ती खूण होती.

समुद्रात गावे किती? भर समुद्रातील वनस्पतिप्लवकांचा कार्बन साधारण उणे वीस-बावीस. किनाऱ्याजवळ, तळाच्या शेवाळावर वाढणाऱ्या जिवांत तो त्याहून जड. खाडीतल्या खारफुटीच्या पानांत मात्र उणे अठ्ठावीसच्या आसपास, कारण ती जमिनीवरच्या झाडांसारखीच. येथे आपल्या घाटमाथ्याचा संबंध येतो. वरंध घाटाच्या माथ्यावर पडलेला पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. पूर्वेकडचे पाणी नीरा नदीत, तेथून भीमा-कृष्णेवाटे बंगालच्या उपसागरात. पश्चिमेकडचे पाणी सावित्रीत, आणि बाणकोटच्या खाडीवाटे अरबी समुद्रात. पश्चिम उतारावरच्या रानातील कुजलेली पाने त्या पाण्याबरोबर खाडीपर्यंत जातात. खाडीतला एखादा जीव ही पाने आणि त्यांवरचे जंतू खाऊन जगत असेल, तर त्याचा कार्बन भर समुद्रातल्या भाऊबंदाहून हलका निघेल. कोणता मासा डोंगराच्या अन्नावर पोसला आणि कोणता समुद्राच्या, हे वेगळे काढता येते.

पण कार्बनवर एकट्यावर विसंबू नये. अर्धा भात आणि अर्धी नाचणी खाणाऱ्या वेल्ह्याच्या माणसाचे अन्न घ्या. उणे सत्तावीस आणि उणे साडेबारा यांची सरासरी जवळजवळ उणे वीस येते. आणि समुद्रातील प्लवकांचा आकडाही त्याच घरात आहे! ज्याने समुद्र कधी पाहिला नाही, तो मनुष्य केवळ कार्बनच्या साक्षीवर कोळी ठरायचा. येथे नायट्रोजन सोडवणूक करतो. जमिनीवर धान्य ते माणूस ही एकच पायरी. समुद्रात मोठ्या माशाच्या पाठीमागे तीन-चार पायऱ्या असतात, म्हणून मासे खाणाऱ्याचा नायट्रोजन बराच वर चढतो. अर्थात्‌ त्यातही खोच आहे. शेणखतातून हलका नायट्रोजन अमोनियारूपाने उडून जातो. त्यामुळे शेणखतावर वाढलेले पीक कारखान्यातल्या खतावरच्या पिकापेक्षा जड असते. प्राचीन सांगाड्यांचा आहार ठरविणाऱ्या पुरातत्त्वज्ञांना ही खोच चांगली परिचयाची आहे.

आता हिशेब करून पाहू. हे आकडे केवळ समजुतीपुरते आहेत. समजा, प्लवकवनस्पतींचा नायट्रोजन ५ आहे आणि एका माशाचा १५.२. फरक १०.२, त्यास ३.४ ने भागले की ३. मासा वनस्पतींच्या तीन पायऱ्या वर. सोपे आहे, आणि या सोपेपणातच धोका आहे. पाया ५ आहे, हे आपणांस कोणी सांगितले? तो खरोखर ८.४ असेल, तर तोच मासा दोनच पायऱ्या वर आहे. घराची उंची मोजताना जमीनच वरखाली होत असेल, तर मोजपट्टीचा दोष नव्हे, पण उत्तर चुकणार. आणि अरबी समुद्रात नेमके हेच होते. जगातल्या फार थोड्या समुद्रांत हा पाया इतका हलता असेल.

का हलतो, ते पाहणे उद्बोधक आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की पश्चिम किनाऱ्याजवळ खोल समुद्रातले थंड पाणी वर सरकू लागते. या पाण्यात क्षार भरपूर पण प्राणवायू कमी. त्याच वेळी सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर कोसळणारा पाऊस नद्यांवाटे समुद्रात येतो आणि त्या जड पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर पसरतो. तव्यावर झाकण ठेवावे तसे होते. वरचा प्राणवायू खाली पोहोचत नाही. खाली मेलेले प्लवक कुजत असतात आणि उरलासुरला प्राणवायू संपवितात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास किनाऱ्यालगतच्या तळच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ शून्य होतो. १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेल्या आणि गोव्यात दोनापावला येथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले की हा प्राणवायूच्या टंचाईचा पट्टा सुमारे १,८०,००० चौरस किलोमीटर पसरतो. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या निम्म्याहून हे अधिक झाले.

प्राणवायू संपला म्हणून जंतू मरत नाहीत. काही जंतू नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात आणि नायट्रोजन वायू सोडून देतात. हे करतानाही हलका नायट्रेट आधी संपतो. मागे उरतो तो जड. जगातील खोल समुद्राच्या नायट्रेटचा आकडा साधारण ५ आहे; अरबी समुद्रातील प्राणवायूरहित थरात तो १५ च्या आसपास आणि कधी त्याहून वर जातो. हा जड नायट्रेट वर येऊन प्लवकांच्या पोटी गेला की पायाच जड होतो.

उलट बाजूही आहे. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत समुद्र शांत असतो, वरच्या पाण्यातले क्षार संपलेले असतात. तेव्हा ट्रायकोडेस्मियम नावाचे सूक्ष्म जीव फोफावतात. पाण्यावर लाकडाचा भुसा पसरल्यासारखे त्यांचे पट्टे दिसतात. आपल्या रानात कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठी जे काम करतात तेच हे करतात: हवेतला नायट्रोजन थेट बांधतात. हवेचा आकडा शून्य. म्हणून त्यांचाही शून्याच्या आसपास किंवा थोडा खाली.

हे नुसते तर्क नाहीत. त्याच संस्थेतील एम. व्ही. माया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च २००७ पासून सप्टेंबर २००८ पर्यंत, मोसमी पावसाचे काही दिवस वगळून, पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रातील पाणी गाळून त्यातील तरंगत्या सेंद्रिय कणांचा नायट्रोजन मोजला. २०११ साली ते काम प्रसिद्ध झाले. पावसाळ्यापूर्वी तो उणे ४.१७ इतका खाली गेलेला आढळला, आणि ट्रायकोडेस्मियम येथे हलक्या नायट्रोजनची मोठी भर घालतो याचा हा पहिला प्रत्यक्ष पुरावा होता. तळाच्या वरच्या गाळाची सरासरी मात्र ७.३८ आली. या दोन आकड्यांत साडेअकराचे अंतर आहे, म्हणजे तीन पायऱ्यांहून अधिक! गाळातला पदार्थ कुजताना आणखी जड होतो, हे त्या संशोधकांनीच बजावले आहे. तेव्हा सगळे अंतर ऋतूंचे नव्हे. पण तरंगते कण खाणारा मासा आणि तळचा गाळ खाणारा मासा एकाच पट्टीने मोजले तर काय गोंधळ होईल, याची कल्पना यावरून यावी.

याचा व्यवहारातला अर्थ काय? परदेशात, १९९८ साली, डॅनियल पॉली आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या मासेमारीच्या नोंदी तपासून असे मांडले की आपण मोठे शिकारी मासे संपवीत खालच्या पायऱ्यांवरचे मासे अधिकाधिक काढू लागलो आहोत. भाथल आणि पॉली यांनी २००८ साली १९५० ते २००० या काळातील भारताच्या नोंदी घेऊन हाच प्रश्न विचारला. हा वाद चालू आहे आणि चालू राहावा. पण त्यात प्रत्येक जातीची पायरी गृहीत धरावी लागते, आणि ती गृहीत धरलेली पायरी बहुधा पोटे चिरून मिळालेली असते. समस्थानिकांची साक्ष येथे हवी आहे. मात्र ती साक्ष पाया न मोजता घेतली, तर मेमध्ये पकडलेला मासा खालच्या पायरीचा आणि डिसेंबरमधला वरच्या पायरीचा दिसेल, आणि कोणी तरी त्यावरून समुद्र सुधारला असाही निष्कर्ष काढील. पायरीचा आणि भावाचा संबंध नसतो, हेही जाता जाता सांगावेसे वाटते. पापलेट २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला. बाजारात त्याचा भाव बोंबिलाच्या कितीतरी पट. पण बराचसा प्राणिप्लवकांवर जगणारा हा मासा सुरमईच्या मानाने खालच्या पायरीवर आहे. आणि पारा घ्या: तो नायट्रोजन-१५ सारखाच पायरीगणिक साठत जातो. खाणाऱ्याच्या दृष्टीने तारली, बांगडा हे मोठ्या मुशीपेक्षा निर्धोक, ते याच कारणाने.

हलत्या पायावर उपाय निघाले आहेत. एक साधा आहे. प्लवक आठवड्यात बदलतात. म्हणून एका दिवसाच्या पाण्यावर पाया ठरवू नये. तिसऱ्या आणि कालवे हे प्राणी एका जागी बसून महिनेन्‌महिने पाणी गाळीत असतात. त्यांच्या मांसात पाण्यातल्या कणांची सरासरी आपोआप जमते. पाया त्यांचा धरावा, मासा त्यावर मोजावा. कोकणच्या खाड्यांत त्यांस तोटा नाही.

दुसरा उपाय मला अधिक देखणा वाटतो. मांसातील प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी ग्लुटामिक आम्ल प्रत्येक पायरीस दर हजारी सुमारे ८ ने जड होते. फेनिलअ‍ॅलनिन मात्र जेमतेम ०.४ ने. म्हणजे ते पायाचा आकडा जवळजवळ तसाच वर घेऊन येते. २००९ साली जपानमध्ये चिकाराइशी आणि सहकाऱ्यांनी यावरून पायरी काढण्याचे सूत्र बसविले. दोन्ही आम्ले एकाच माशातून वेगळी काढून मोजली की पायाही त्यातच मिळतो आणि पायरीही. जमीन आणि छप्पर एकाच विटेवर लिहिल्यासारखे. काम खर्चाचे आणि वेळखाऊ आहे, पण अरबी समुद्रासारख्या ठिकाणी त्याचा खर्च वसूल होतो.

इतके असूनही एक गोष्ट अणू सांगू शकत नाहीत. बोंबिलाने जवळा खाल्ला की जवळ्याच्याच पायरीवरची दुसरी बारीक कोळंबी, हे दोन्ही आकड्यांवरून कळत नाही. त्यांचे गाव एक आणि पायरी एक. त्यासाठी धक्क्यावर बसून, पोट चिरून, भिंगाखाली कवचाचे तुकडे निवडणारा माणूसच लागतो.